सांभाळणारीचा सांभाळ

बौद्धिक अक्षमता असलेले मूल घरात वाढत असते तेव्हा त्याच्याभोवतीची बहुतेक कामे आईकडे येतात. तपासण्या, औषधांच्या वेळा, फिट आल्यावरची धावपळ, शाळेची बस, घास भरवणे, शी-शू, नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि रात्रीची जाग ही यादी वर्षानुवर्षे फारशी आखडत नाही. इतर मुले मोठी होत जातात तशी आई मोकळी होत जाते. इथे मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी शर्टाची बटणे लावायला आईच लागते. तरीही या विषयावरचे बरेचसे लेखन मुलाविषयी असते आणि त्यात आई येते ती मुलाच्या उपचारातले एक साधन म्हणून. तिने काय शिकावे, काय करून घ्यावे, कसे बोलावे याच्या सूचना असतात. तिची झोप, पाठदुखी, सुटलेली नोकरी, मनातली भीती यांची नोंद क्वचितच होते.

गेल्या चार-पाच दशकांच्या अभ्यासातून एक गोष्ट मात्र पक्की झाली आहे. आईचे स्वास्थ्य केवळ मुलाच्या बुद्ध्यंकावरून ठरत नाही. तिला झोप मिळते का, घरात हातभार लावणारे कोण आहे, पैशाची ओढाताण किती आहे, तिला दोष देणारे किती आणि ऐकून घेणारे किती, आपल्यानंतर मुलाचे काय होईल याचे उत्तर तिच्यापाशी आहे का, यांवर ते फार मोठ्या प्रमाणात ठरते. मुलाची अक्षमता जन्मभराची असते, पण यातली बरीचशी परिस्थिती बदलता येते. म्हणून आईचे स्वास्थ्य हा नशिबाचा विषय राहत नाही. तो घराच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या आणि सरकारच्या जबाबदारीचा विषय होतो.

बौद्धिक अक्षमतेचे निदान तीन गोष्टी पाहून केले जाते. बौद्धिक क्षमता सरासरीपेक्षा बरीच कमी, म्हणजे बुद्ध्यंक साधारण सत्तरच्या आत असणे. बोलणे, पैसे हाताळणे, स्वतःची स्वच्छता, लोकांत वावरणे अशा रोजच्या कौशल्यांत मोठी उणीव असणे. आणि हे सारे वाढीच्या वयातच सुरू झालेले असणे. तीव्रतेनुसार सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे प्रकार केले जातात आणि बहुसंख्य मुले सौम्य गटात मोडतात. हा मानसिक आजार नव्हे. औषधाने ही अक्षमता बरी होत नाही. शिकवण्याने मूल पुढे सरकते. कारणे अनेक आहेत. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये ज्याचे वर्णन केले आणि एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत हे ज्याचे कारण १९५९ मध्ये समोर आले, तो डाऊन सिंड्रोम सर्वांत परिचित आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेवर न कळणे, मेंदूज्वर, आनुवंशिक दोष ही इतर कारणे. अनेक मुलांच्या बाबतीत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. जगभरात साधारण शंभरात एका व्यक्तीला बौद्धिक अक्षमता असते असा अंदाज आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अशा सुमारे पंधरा लाख व्यक्तींची नोंद झाली. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असणार, कारण सौम्य अक्षमता घरातल्यांनाही उशिरा उमगते.

मराठी घरांशी ताडून हा प्रश्न जवळून पाहायला ओमानमधले इब्रा हे गाव चांगले ठिकाण आहे. इब्रा हे उत्तर शर्किया प्रांताचे मुख्य ठिकाण, राजधानी मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत. एके काळी इथले व्यापारी पूर्व आफ्रिकेशी व्यापार करत. जुन्या वस्त्यांमधले त्यांचे मातीचे वाडे अजून उभे आहेत. आज गावात सरकारी रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे, भारतीय शाळा आहे. दर बुधवारी इथे बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका. पुरुषांना तिथे मज्जाव असतो. बायकांनी बायकांशी मोकळेपणाने बोलावे अशी हक्काची जागा गावात असणे ही लहान गोष्ट नाही. जिच्या घरी असे मूल आहे तिला पहिली खरी माहिती पुष्कळदा डॉक्टरकडून मिळत नाही. अशाच एखाद्या ओळखीच्या बाईकडून मिळते.

ओमानी घर सहसा मोठे असते. आजी, जावा, नणंदा, थोरल्या मुली यांच्यात मूल वाढते आणि आईचा भार वाटला जातो. हे चित्र आता बदलते आहे. १९८० च्या दशकात एका ओमानी स्त्रीला सरासरी आठच्या आसपास मुले होत. आज हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, तरुण जोडपी कामासाठी मस्कतला गेली. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरवण्याचे दिवस सरत चालले आहेत. पुष्कळ घरांत परदेशातून आलेली कामवाली मूल सांभाळते. त्यामुळे आईला थोडी उसंत मिळते, पण सांभाळाचे ओझे एका बाईच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर जाते आणि त्या दुसरीची मुले तिच्या स्वतःच्या देशात तिच्याविना वाढत असतात.

ओमानमध्ये जवळपास निम्मी लग्ने नात्यात होतात. नात्यातल्या लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, कारण एकच सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मुलाकडे येऊ शकते. अशा घरात एकाहून अधिक मुलांना अक्षमता असण्याचा संभव असतो आणि आईचा भार तेवढ्या पटीने वाढतो. आणखी एक बारकावा असा की नवरा हा चुलत भाऊ असेल, तर सासर आणि माहेर ही दोन वेगळी घरे उरत नाहीत. सासरी बोल लागला तर माहेरी जाऊन मन मोकळे करावे ही सोय मग राहत नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या समाजांत आहे, तिथेही हेच घडते.

धर्मश्रद्धा दोन्ही बाजूंनी काम करते. मूल ही अल्लाहने सोपवलेली ठेव आहे आणि धीराने तिचा सांभाळ करणे हे पुण्य आहे, या भावनेने अनेक ओमानी आयांना खरा आधार मिळतो. दुसरीकडे वाईट नजर आणि जिन यांवरचा विश्वास कुटुंबाला आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेतो आणि शिकवण्याची मोलाची वर्षे निघून जातात. मराठी घरांना हे परके नाही. मीठ-मोहरीने दृष्ट काढणे, कुलदैवताचा कोप, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून सुनेला लागलेला बोल, हे सारे तेच आहे. फरक देवांच्या नावांत आहे. बोल ऐकणारी दोन्हीकडे आईच आहे.

सरकारी पातळीवर ओमानने २००८ मध्ये शाही फर्मानाने अपंगांची काळजी आणि पुनर्वसन यांचा कायदा केला आणि २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. अनेक विलायतींमध्ये, म्हणजे तिथल्या तालुक्यांमध्ये, 'अल-वफा' नावाची पुनर्वसन केंद्रे चालतात, तिथे मुले दिवसा जातात. २०२३ च्या सामाजिक संरक्षण कायद्यानुसार २०२४ पासून अपंगत्व असलेल्या ओमानी नागरिकाला दरमहा १३० रियाल भत्ता मिळू लागला. विशेष तपासण्या आणि तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने मस्कतमध्ये आहेत. इब्राहून एका भेटीसाठी निघायचे म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार तासांचा प्रवास, गाडीत चिडणारे मूल, नवऱ्याची रजा आणि घरी राहिलेल्या मुलांची सोय एवढे सगळे जमवावे लागते. कागदावर सेवा मोफत असली तरी तिची खरी किंमत आईच्या दिवसांतून वसूल होते.

आखातात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबाची अडचण वेगळ्या जातीची असते. तिथे आजी नसते, जाऊ नसते आणि शेजारीण दोन वर्षांत बदली होऊन जाते. राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो आणि नागरिकांना मिळणारा भत्ता परदेशी कुटुंबाला लागू नसतो. मस्कतच्या इंडियन स्कूलला जोडलेले विशेष शिक्षणाचे केंद्र आहे, पण आतल्या गावात राहणाऱ्या कुटुंबाला रोज तिथे जाणे शक्य नसते. मग बहुतेकांपुढे दोनच मार्ग राहतात: आईने मुलाला घरीच शिकवायचे, किंवा नवऱ्याला तिथे ठेवून तिने मुलासह पुण्याला किंवा कोल्हापूरला परत यायचे. दुसऱ्या मार्गाने शाळा मिळते, पण आई एकटी पडते. फोनवरून घर चालवणारा बाप आणि रात्रीच्या फिटला एकटी सामोरी जाणारी आई अशी विभागणी होते.

आईवर ठपका ठेवण्याची सवय फक्त खेड्यातली किंवा अशिक्षितांची नव्हे. विज्ञानाच्या नावाखालीही ती पोसली गेली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) पहिले सविस्तर वर्णन केले आणि पुढे मुलांच्या पालकांतल्या भावनिक थंडपणाकडे बोट दाखवले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून या कल्पनेला मोठी प्रसिद्धी दिली. आईच्या मायेच्या अभावाने मूल असे झाले, हे दोन दशके अनेक सुशिक्षित आयांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे लागले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच स्वमग्नतेची मुळे शरीरात आहेत असे सप्रमाण मांडले होते. ते सर्वमान्य व्हायला वेळ लागला. आज आईला दोषी धरणारी कल्पना पूर्णपणे फेटाळली गेली आहे. तिने केलेले नुकसान मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण 'तू लक्ष दिले नाहीस म्हणून' हे वाक्य घराघरांत अजून बोलले जाते.

दोषानंतर अभ्यासकांचे लक्ष दुःखाकडे वळले. निदान कळल्यावर धक्का, नकार, राग आणि शेवटी स्वीकार अशा पायऱ्या आई चढते, असे आधी मानले जाई. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते या पालकांचे दुःख दीर्घकाळ सोबत राहते, ते स्वाभाविक आहे आणि त्याला आजार समजू नये. बरोबरीची मुले पहिलीत जातात तेव्हा, दहावीला बसतात तेव्हा, त्यांची लग्ने ठरतात तेव्हा ते नव्याने वर येते. 'अजून सावरली नाहीस का' असे आईला विचारणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे. मुलाला मनापासून स्वीकारलेली आईसुद्धा भाचीच्या लग्नात डोळे पुसते आणि तिच्या प्रेमात त्यामुळे काही उणे येत नाही.

पुढे ताण मोजण्याचे प्रयत्न झाले. विकासातल्या अक्षमता असलेल्या मुलांच्या आयांविषयी तोवर झालेले अभ्यास जॉर्ज सिंगर यांनी २००६ मध्ये एकत्र तपासले. अशा आयांपैकी सुमारे २९ टक्के जणींमध्ये नैराश्याची लक्षणे वाढलेली दिसली. इतर आयांमध्ये हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. धोका खरोखर वाढतो. आणि तरीही बहुसंख्य आया नैराश्यात बुडत नाहीत. ओमानमध्ये सुलतान काबूस विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये स्वमग्न मुलांचे पालक, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे पालक आणि इतर पालक यांची तुलना केली. ताण, चिंता आणि नैराश्य स्वमग्न मुलांच्या पालकांत सर्वाधिक आढळले.

असे का होते याचे उत्तर वर्तनात आहे. ब्रूस बेकर, जॅन ब्लॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या कुटुंबांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. पालकांचा ताण मुलाच्या बौद्धिक पातळीपेक्षा त्याच्या वर्तनाच्या अडचणींशी अधिक जोडलेला निघाला. न झोपणे, चावणे, डोके आपटणे, रस्त्यावर अचानक पळत सुटणे यांनी आई थकते. ताण आणि वर्तन एकमेकांना वाढवतात हेही त्यात दिसले: थकलेली आई चिडते, मूल बिथरते, ती आणखी थकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आयांचा ताण तुलनेने कमी आढळतो, त्यामागे अशा अनेक मुलांचा मनमिळाऊ स्वभाव हे एक कारण मानले जाते. आणखी एक कारण म्हणजे निदान लवकर आणि नेमके मिळते. नाव असलेल्या अडचणीशी झुंजणे नाव नसलेल्या अडचणीपेक्षा सोपे जाते.

दुसरे मोठे कारण पैसा. ब्रिटनमध्ये एरिक इमर्सन यांनी दाखवले की आयांच्या मानसिक त्रासातला मोठा वाटा गरिबी आणि तिच्या सोबतच्या अडचणींनी समजावता येतो. महाराष्ट्रात हे रोज दिसते. थेरपीचे पैसे, रिक्षाचे भाडे, डायपर, फिटची औषधे यांनी खर्च वाढतो आणि त्याच वेळी आईची कमाई थांबते, कारण मुलाजवळ कोणी तरी थांबावेच लागते. शेतमजूर आईचा तर रोजच बुडतो. शिक्षिका किंवा बँकेतली कर्मचारी असलेली आई आधी बढती नाकारते, मग रजा संपवते आणि मग राजीनामा देते. त्यामुळे पेन्शन जाते आणि म्हातारपणी, जेव्हा मूल चाळिशीचे असेल, तेव्हाच हात रिकामे होतात.

शरीरावरचा परिणाम याहून कमी बोलला जातो. चौदा वर्षांच्या मुलाला न्हाणीघरातून उचलून बाहेर आणणे म्हणजे रोज चाळीस किलोचे पोते पाठीवर घेणे. कंबर आणि गुडघे आधी जातात. रात्रीची अर्धवट झोप वर्षानुवर्षे चालते. डोळ्यांची तपासणी, दाताचे दुखणे, पाळीच्या तक्रारी पुढच्या महिन्यावर ढकलल्या जातात आणि तो पुढचा महिना येत नाही. एलिसा एपेल आणि नंतर नोबेल मिळवणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या गटाने २००४ मध्ये दीर्घ आजारी मुलांच्या आयांच्या पेशी तपासल्या. सांभाळाची वर्षे आणि आईला जाणवणारा ताण जितका जास्त, तितकी गुणसूत्रांच्या टोकांची लांबी कमी आढळली. ही टोके वयाबरोबर झिजतात. ताण माणसाला थकवतो असे आयांनी नेहमीच सांगितले होते; पेशींनी त्याला दुजोरा दिला.

या चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. रिचर्ड हेस्टिंग्ज आणि इतर अभ्यासकांना पालकांमध्ये ताणाबरोबरच समाधान, जवळीक आणि आयुष्याकडे पाहण्याची बदललेली नजरही सापडली. ताण आणि आनंद एकाच दिवशी, एकाच आईच्या मनात नांदतात. दोन वर्षे रोज शिकवल्यावर मुलाने पेला स्वतः तोंडाशी नेला, तर त्या घरात पेढे वाटले जातात. आईला 'बिचारी' म्हणणे जितके चूक, तितकेच तिला 'देवी' म्हणणेही चूक. दोन्हींमुळे तिला मदत मागणे अवघड होते. देवीला कंटाळा येऊन चालत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वाट करून दिली ती पालकांनी आणि शिक्षकांनी. मुंबईत १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी राहत्या घरी सुरू केलेल्या वर्गातून आजची शिवडीची जय वकील संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली आणि राज्यातल्या अनेक विशेष शाळांना दिशा मिळाली. शाळा आली तेव्हा आईला पहिल्यांदाच दिवसाचे पाच तास मिळाले. याचे मोल शिक्षणाइतकेच आहे. त्या पाच तासांत एखादी शिवणकाम करते, एखादी झोपते, आणि शाळेच्या फाटकापाशी बसलेल्या इतर आयांशी बोलून जो धीर मिळतो तो कुठल्याही गोळीत नसतो. १९९१ चा 'चौकट राजा' हा चित्रपट मराठी प्रेक्षकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या नंदूसाठी लक्षात ठेवला, पण सुलभा देशपांडे यांनी रंगवलेली नंदूची आई हीही चित्रपटाची तितकीच मोठी देणगी आहे. दिलीप प्रभावळकरांच्या प्रौढ नंदूला सांभाळणारी ती वय झालेली बाई अनेक घरांनी पहिल्यांदाच पडद्यावर पाहिली.

मुलगी वयात येते तेव्हा आईची चिंता नवे वळण घेते. पाळीची स्वच्छता शिकवता येते: आधी बाहुलीवर पॅड लावून दाखवायचा, मग मुलीच्या कपड्यावर खुणा करून तिच्याकडून लावून घ्यायचा, वापरलेला कागदात गुंडाळायची रोज तालीम करायची. याला महिने लागतात आणि शिकवणारी बाई लागते. हा आधार नसला की काय घडते हे फेब्रुवारी १९९४ मध्ये दिसले. शिरूरच्या सरकारी निवासी शाळेतल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. स्त्री संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर हा प्रकार थांबला. पाळीची देखभाल अवघड जाते हे त्यामागचे मुख्य समर्थन होते. सांभाळणाऱ्यांना हात दिला नाही तर त्याची किंमत शेवटी मुलीच्या शरीराने चुकवावी लागते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. लैंगिक अत्याचाराची भीती तर प्रत्येक आईच्या मनात असते. या भीतीपोटी कित्येक जणी मुलीला एक तासही दुसऱ्याच्या हवाली करत नाहीत.

'आमच्या माघारी याचे कोण?' हा प्रश्न सर्वांत खोल आहे. मूल वीस-पंचवीस वर्षांचे झाले की तो रोज रात्री उभा राहतो. बदलापूरची 'आधार' ही पालकांच्या संघटनेने उभी केलेली आजीवन निवासाची संस्था याच प्रश्नातून जन्मली. कायद्याचे उत्तर म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमता येतो. न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते, 'समर्थ' योजनेत तात्पुरत्या निवासाची आणि 'घरौंदा' योजनेत दीर्घकाळच्या निवासाची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आणि ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. भाऊ-बहीण पुढे सांभाळतील असे बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. त्यांच्याशी हे मोकळेपणी बोलणे, पैशाची व्यवस्था लिहून ठेवणे आणि मुलाला आपल्या हयातीतच थोडे थोडे दूर राहायला शिकवणे यांनी आईची रात्रीची झोप काही अंशी परत येते.

मदतीच्या उपायांमध्ये पहिला टप्पा निदान सांगण्याचा. आई-वडील दोघांना एकत्र, बसवून, बाळाचे नाव घेऊन आणि पुढे काय करायचे हे सांगत बातमी दिली, तर ती आयुष्यभर वेगळ्या रीतीने लक्षात राहते. 'हे मूल काही उपयोगाचे नाही' असे एक वाक्य आईच्या मनात कायमचे रुतते. ही दोषाची बाब नाही, हे त्याच बैठकीत सासू-सासऱ्यांसमोर डॉक्टरने सांगितले तर आईची पुढची कित्येक वर्षे वाचतात.

दुसरा टप्पा कौशल्याचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पालकांच्या गटाला एकत्र बसवून माहिती आणि संवाद यांवर आधारलेले प्रशिक्षण देण्यात आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत त्या पालकांचा मुलाकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारल्याचे दिसले. प्रशिक्षणाचा गाभा साधा आहे: मोठे काम लहान पायऱ्यांत तोडायचे. शर्ट घालायला शिकवताना आईने वरची बटणे लावून द्यायची आणि शेवटचे एकच मुलाने लावायचे. ते जमले की शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हाताने पूर्ण होते आणि शाबासकीही त्यालाच मिळते. असे शिकवलेले प्रत्येक काम पुढे आईच्या दिवसातून वजा होते. मात्र शिकवण्याचा सारा भार पुन्हा आईवरच टाकला तर हा उपायही ओझे होतो. वडील, आजोबा, मोठी बहीण यांना प्रशिक्षणात बसवणे म्हणूनच गरजेचे आहे. बाप फक्त 'मदत' करतो असे म्हणण्याऐवजी आंघोळ आणि रात्रीची औषधे ही त्याची ठरलेली कामे झाली, की आईचा ताण कमी होतो.

तिसरा टप्पा विसाव्याचा. महिन्यातून दोन दिवस किंवा आठवड्यातून तीन तास मूल विश्वासू हातांत सोपवता येणे ही चैन नव्हे. महाराष्ट्रात आणि ओमानमध्येही ही सोय सर्वांत अपुरी आहे. नोकरी टिकवण्यासाठी रजा हाही विसावाच आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि दिव्यांग अपत्यासाठी वयाची नेहमीची अट लागू नसते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणे हे स्त्रियांच्या नोकरीतल्या समान सहभागाच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत ठरेल, अशी भूमिका घेतली. असंघटित क्षेत्रातल्या आईपर्यंत मात्र यातले काहीच पोहोचत नाही.

चौथा टप्पा आईच्या स्वतःच्या तपासणीचा. सलग दोन आठवडे उदास वाटणे, कशातच मन न लागणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण आणि मूल दोघेही नसलेले बरे असा विचार येणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. शेवटचा विचार बोलून दाखवणाऱ्या आईला रागावू नये. तिला त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यावे. मुलाच्या प्रत्येक भेटीत आईला 'तुमची झोप कशी आहे' एवढे विचारले तरी पुष्कळ काही वेळेवर कळते. इब्राच्या रुग्णालयात असो वा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, याला वेगळे यंत्र लागत नाही, वेगळा निधी लागत नाही.

पुढील अभ्यासाची आणि कामाची दिशा यावरून ठरते. मुलासाठीच्या कोणत्याही सेवेची पारख करताना मुलाची प्रगती मोजावी आणि त्याच वहीत आईचे झोपेचे तास, तिची कमाई, तिने स्वतःसाठी घेतलेले उपचार आणि तिला मिळालेले मोकळे तासही मोजावेत. मूल शिकले पण आई कोसळली, तर ती सेवा अर्धीच झाली. आई आणि मूल यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ चांगल्या व्यवस्थेत येत नाही, कारण आईला मिळालेली प्रत्येक शांत रात्र दुसऱ्या दिवशी मुलाच्याच कामी येते. आणि ती कामी आली नाही तरीही त्या रात्रीवर आईचा स्वतःचा हक्क आहे.